बाहेरून कडी लावणारा

लच्चूमामा, काल वेशीवर जे झालं ते तुला सांगायचं आहे. पण तू असतास तर मधेच म्हणाला असतास, "बाई, मुळापासून सांग, शेंड्यापासून नोको सांगू." म्हणून मुळापासून सांगते. तसंही मला सध्या घाई कशाचीच नाही. सकाळी उठते, आशाताईच्या सरकारी कामाची गुलाबी साडी नेसते, गोळ्यांची पिशवी घेते, दारोदार जाते, ताप आहे का विचारते. परवा भाजीत मीठ दोनदा पडलं. नवऱ्यानं मुकाट्यानं खाल्लं आणि मलाही खाऊन होईपर्यंत कळलं नाही.

तुला मी 'तू' म्हणते ते सख्ख्या मामाला म्हणतात तसं. गावाचं 'तू' वेगळं होतं. गावातलं शेंबडं पोरगंही "अबे लच्चू" म्हणून हाक मारायचं आणि तू "काय मालक" म्हणून वळायचास. पोराला मालक म्हणताना तुझ्या मिशीत हसू असायचं, ते फक्त मला दिसायचं असं मला वाटतं. कदाचित मामीलाही दिसत असेल.

मी मुधोळकडची. लग्न होऊन इथं आले तेव्हा मांडवाबाहेर तू टोपल्यांचा ढीग घेऊन उभा होतास. गावातल्या प्रत्येक लग्नाला टोपल्या, सुपं कोलामगुड्यातूनच, नाल्यापलीकडच्या कोलामांच्या वस्तीतूनच यायची आणि टोपल्या आणणारा मांडवाबाहेरच जेवायचा, तेही सगळ्यांच्या मागून. सासूबाईंनी माझ्याच हातून पत्रावळ पाठवली. तू विचारलंस, "नवरीबाई, इथं माहेरचं कोन हाय तुमचं?" मी म्हटलं, कोणी नाही. "मंग मी हाय ना मामा," म्हणालास आणि बुंदी खायला लागलास. मला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. दिवाळीला नवं सूप घेऊन दारात हजर झालास, भाचीचं म्हणून. त्यानंतर एकही दिवाळी सुपाशिवाय गेली नाही. माझ्याकडे पाखडायला धान्य कमी आणि सुपं जास्त, असं सासूबाई म्हणायच्या.

पण सगळं गाव तुला ओळखायचं ते सुपांसाठी नाही, शिव, म्हणजे गावाची सीमा, बांधणारा म्हणून. आषाढात आखाडी लागली की एक दिवस तू वेशीत यायचास. गावाच्या दोन्ही वाटांवर अंबाडीची दोरी, तिच्यात बिब्ब्याची फांदी आणि कडुलिंबाचा पाला. तुझे देव, तुझे मंत्र, पण गाव आमचं. त्या दिवशी बाहेरचं कोणी आत यायचं नाही, रोगराई शिवेबाहेर राहावी म्हणून. दोरी बांधली की तू मात्र नाल्यापलीकडे गुड्यात परत जायचास आणि दुसऱ्या दिवशी येऊन स्वतःच्या हातानं सोडायचास. ज्यानं बांधली त्यानंच सोडायची. दुसऱ्यानं हात लावला तर बांधलेलं सगळं उलटतं, हे इथल्या कुणब्याला, माळ्याला, दुकानदाराला, सगळ्यांना ठाऊक. कोलामाच्या हातचं पाणी न पिणारे लोक कोलामाच्या दोरीवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवायचे. मला ते कधी विचित्र वाटलं नाही. आता वाटतं.

यंदा दुसरी लाट आली तेव्हा आखाडी लांब होती, उन्हाळा नुसता पेटला होता. लग्नाहून आलेल्या एका घरात ताप शिरला, मग शेजारच्या घरात. दोन तिरड्या उठल्या तसं गाव भेदरलं. गणपतआबा चार म्हाताऱ्यांना घेऊन तुझ्या अंगणात आले. गावातला सगळ्यात मोठा शेतकरी, ज्याच्या बांधावर तुझा जन्म राबण्यात गेला, तो तुझ्या बाजेवर बसला. मी तापाचा सर्वे करायला आले होते, म्हणून मला दिसलं. मामीनं पाणी आणलं. आबानं तांब्या हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"लच्चू, शिव बांध."

"आखाडीले बांधतो ना, आबा."

"आखाडीपर्यंत गाव राहंल का? आताच बांध. बिमारी जाईस्तोर."

"येका दिवसाची रायते ती. इतके दिस नाई बांधत कोनी."

"तू बांधशील त रायते."

तू मामीकडे बघितलंस. मामी चूल फुंकत होती. मग तू म्हणालास, "बरं."

त्या 'बरं'वरून आपलं भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही, मामा. दोरी बांधून तू परत निघालास तेव्हा मी नाल्यापर्यंत तुझ्यामागे आले. रेशन दुकान आत, आरोग्य उपकेंद्र आत, लशीच्या सुईचा कॅम्प लागतो ती शाळा आत, मोबाइलला रेंज येते तो मारुतीचा पारही आत. तामसीला, आदिलाबादला जायची बस लागते तो डांबरी रस्ताही गावातून गेलं तरच जवळ, नाहीतर बांधाबांधानं वळसा. मी म्हटलं, "मामा, तुमी गावाले नाई बांधलं, स्वतःले बाहेर काढलं. काऊन हो म्हणालास?" रागाच्या भरात तुमी आणि तू दोन्ही तोंडातून गेलं.

तू हसलास. "बाई, शिव बांधनारा आत कसा बसंल? बाहेरून कडी लावनारा बाहेरच रायते."

"आणि गुड्यातल्या लेकराले ताप आला त?"

"तू हायेस ना," म्हणालास.

मी होते. मी दोरीखालून वाकून ये-जा करायचे, सरकारी काम म्हणून मला मोकळीक होती. पण मोकळीक काय मलाच होती? गावाची शेतं गुड्याच्या बाजूला, म्हणून सगळेच शेतकरी दोरीखालून वाकून जायचे आणि यायचे. आबा म्हणाले, आपल्या शेतात जाणं म्हणजे बाहेर जाणं नव्हे. डांबरीकडची दोरी तर तुझ्याकडून उंच बांधून घेतली होती, बियाण्याचा टेंपो खालून जाईल एवढी. गुड्याकडची मात्र छातीला लागेल अशी. गुड्यातलं कोणी वाकायला लागलं की ओरडा व्हायचा, "ए, तिकडंच थांब, तुमच्याकडून येईल बिमारी!" ताप लग्नातून आला होता, गाडीतून आला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. रेशनचे तांदूळ दोरीवरून पिशवीत ओतायचे. मी गोळ्यांची पाकिटं दोरीवरून द्यायचे. इथला सरकारी कारभार तेलुगूत, म्हणून पाकिटावर कोणती गोळी कधी घ्यायची तेही तेलुगूत छापलेलं. मी मराठीत सांगायचे आणि तू ते गुड्यात कोलामीत सांगायचास. तिसऱ्या भाषेपर्यंत जाताना सकाळची गोळी कधीकधी संध्याकाळची व्हायची.

सुईवरूनही आपलं भांडण होतं, ते आधीचं. मला पहिली सुई लागली, आशाताई म्हणून, तेव्हा तू म्हणाला होतास, "तू घे. जगलीस त मी बी घेतो." मला ताप भरला. तू मूठभर चारोळी फडक्यात बांधून बघायला आलास, नेहमीसारखा, बोलावूनही आत न येता, उंबऱ्याबाहेर उकिडवा बसलास आणि विचारलंस, "काई होऊन राह्यलं का? मरत बिरत नाईस ना?" मी गोधडीतून म्हटलं, मरत नाही. "मंग ठरलं," म्हणालास. लोक म्हणतात कोलाम सुईला भितात. भीत होतासच तू, खोटं कशाला बोलू. पण शब्द दिला होतास. शाळेत कॅम्प लागला तेव्हा मायकवर तेलुगूत पुकारलं, गावानं रांग लावली आणि गुडा दोरीपलीकडे होता. मी टीमला म्हटलं, नाल्यापलीकडे चला. गाडी जाणार नाही म्हणाले. मग त्यांच्यातलं कोणी तरी म्हणालं, ते लोक घेत नाहीत सुई. मी म्हटलं, घेतात, विचारा तरी. तोपर्यंत डबा बंद झाला होता.

मग एकाच आठवड्यात तुला आणि गणपतआबाला दोघांनाही ताप आला.

आबाच्या मुलानं पहिल्याच दिवशी जीप काढली. आदिलाबादला खासगी दवाखान्यात नेलं, तिथून नागपूरला. ओळखी निघाल्या, बेड निघाला. तुझ्याकडे मी रोज येत होते. बोटाला यंत्र लावायचे, आकडा बघायचे, तू विचारायचास, "पास का नापास?" एके दिवशी मी उत्तर न देता यंत्र पिशवीत टाकलं. तू मग विचारलं नाहीस. पाराजवळ जाऊन मी दवाखान्याच्या गाडीसाठी फोन केला. गाडी यायला दुपार कलली, पण आली. डांबरीकडच्या उंच दोरीखालून आली, शाळेवरून आली आणि गुड्याकडच्या दोरीशी थांबली. इकडून गुड्यातल्या चौघांनी तुला बाजेवर घालून आणलं. मामी डोक्याशी चालत होती.

मामा, मी ते दृश्य किती वेळा बघते. झोपेत नाही, दिवसाढवळ्या, भाजी निवडताना. दोरीच्या त्या बाजूला गाडी, दारं उघडी. या बाजूला बाज. मधे तुझीच दोरी, पाला वाळलेला. गावातले लोक अंतर ठेवून, तोंडाला फडकी बांधून उभे. बाज थोडी खाली धरली असती तरी दोरीखालून गेली असती. मी पुढे होऊन दोरी उचलायला हात घातला आणि तू ओरडलास. अंगात श्वास नव्हता, पण ओरडलास. "हात नोको लावू बाई!"

गर्दीतून कोणी तरी म्हणालं, "लच्चू, तूच खोल. आमी काई म्हनत नाई." काही म्हणत नव्हतेच ते. हात जोडून उभे होते. एवढ्या माणसांतून एकाच्याही तोंडून निघालं नाही की जाऊ दे खड्ड्यात दोरी, खालून ये. तू त्यांच्याकडे एकेक करून बघितलंस. तुझी सगळ्यांशी ओळख होती, निम्म्यांच्या लग्नाच्या टोपल्या तूच विणल्या होत्यास.

"अजून टाइम नाई झाला," म्हणालास. आणि चौघांना हातानं खूण केलीस, बांधाबांधानं चला.

नांगरलेल्या रानातून, ढेकळं तुडवत, गावाला पूर्ण वळसा घालून त्यांनी तुला डांबरीवर नेलं. गाडी गावातून मागं फिरून तिथं कधीचीच येऊन उभी होती. मी बाजेला धरून चालत होते. एकदा वाटलं तू काही बोललास. वाकून ऐकलं तर कोलामीत बोलत होतास, माझ्याशी नव्हे.

हेच विचारायचं राहिलं, मामा. काऊन नाही खोललीस? तुला खरंच वाटत होतं की खोलली तर गावातली लेकरं मरतील? की एवढ्या वर्षांनी आबा तुझ्या बाजेवर येऊन बसले, त्या मानाला जागलास? की तुला बघायचं होतं की एक तरी माणूस स्वतःहून म्हणतो का, आत ये? मी तिन्ही उत्तरं फिरवून बघते. ज्या दिवशी पहिलं खरं वाटतं त्या दिवशी तुझा राग येतो. तिसरं खरं वाटतं त्या दिवशी कोणाच्या घरी ताप विचारायला जाववत नाही. जाते तरी.

दवाखान्यातलं तुला आठवत नसेल, बरंच आहे. नर्स तेलुगूत विचारायची, तू कोलामीत उत्तर द्यायचास, मी मधे मराठीची माणूस, मोडकीतोडकी तेलुगू बोलत. नर्स वाईट नव्हती, थकलेली होती. डॉक्टरांनी यंत्राकडे बघितलं आणि हिंदीत म्हणाले, "ये लोग हमेशा लेट आते हैं." मला सांगायचं होतं की हा माणूस वेळेवर निघाला होता. त्याला वाट वळशाची होती. पण हिंदीत नाल्याला काय म्हणतात, बांधाला काय म्हणतात, मला ऐनवेळी काही सुचलं नाही. मी "जी सर" म्हटलं.

तू तिथंच गेलास, आणि तुला परत आणू दिलं नाही. गुड्याच्या माणसांनी तुझ्या मातीसाठी गुड्यातल्या मोहाच्या झाडाखाली जागा धरून ठेवली होती, ती तशीच राहिली. मामीनं तुझा कोयता आणि अर्धी विणलेली टोपली तिथं ठेवली. मी ते बघायला गेले. उभी राहिले, परत आले. मला काहीच वाटलं नाही, आणि वाटत नाही हे बघून भीती वाटली. नंतर तीही वाटेनाशी झाली.

आबा परत आले, मामा. नागपूरहून, बारीक होऊन, काठी टेकत. गावानं ओवाळलं. त्यांना तुझं कळलं तेव्हा म्हणे एवढंच म्हणाले, "मंग दोरी कोन खोलंल?"

आणि खरंच, कोण खोलणार? ताप ओसरला, पेरण्या सुरू झाल्या, दोरी तशीच. सगळं गाव रोज वाकून जातं, वाकून येतं. म्हाताऱ्या बाया कंबर धरून वाकतात. गुड्यातलं मात्र कोणी तुझ्यानंतर दोरीजवळ फिरकलं नाही. रेशनचे तांदूळ घ्यायलाही वळसा घालून डांबरीवर यायला लागले.

आता कालचं.

सुईची टीम पुन्हा आली. मी महिनाभर मंडलाच्या ऑफिसात डोकं खाल्लं होतं, म्हणून या खेपेला यादीत गुड्याचं नाव होतं. पण टेबल शाळेतच. गुड्यातल्यांना घेऊन या म्हणाले. मी गेले. वाटलं मामी हाकलून देईल. मामीनं ऐकून घेतलं, लुगडं बदललं आणि निघाली. तिच्यामागे बाकीचे निघाले, म्हातारे, लेकुरवाळ्या, तुझी बाज उचलणारे चौघेही. दोरीपाशी येऊन मामी थांबली.

पलीकडे गाव जमलं होतं. आबा काठी टेकून पुढे होते. "राजूबाई," म्हणाले, "तू त्याची बायको. तू खोल. तुह्या हातानं चालंल."

"म्या नाई बांधली," मामी म्हणाली.

"मंग वाकून ये. आता कोनी काई म्हनत नाई."

"त्या दिशी बी कोनी काई म्हनलं नाई, आबा."

 मामी वेशीबाहेरच्या एका मोहाच्या मुळीवर बसली, आपल्या बाजूला. बाकीचे तिच्यामागे बसले. मला म्हणाली, "बाई, तुह्या डॉक्टरले सांग, सुई इकडं आन. आमी इथंच हावो." मी शाळेत गेले. या खेपेची नर्स नवीन होती, तामसीकडची, मराठी कळणारी. तिनं माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता डबा उचलला. दोन पोरींनी टेबल उचललं. दोरीखालून टेबल आडवं करून बाहेर काढलं, डबा काढला, नर्स वाकून बाहेर आली. पहिली सुई मामीला. तिनं दुसरीकडे मान फिरवली, गावाकडे नाही, नाल्याकडे.

गावातल्या ज्यांची दुसरी सुई राहिली होती त्यांना मी म्हटलं, टेबल आता इथंच आहे. एकेक करून दोरीखालून वाकून बाहेर आले आणि गुड्याच्या रांगेच्या मागे उभे राहिले.

आबा मात्र तिकडेच होते. रांग सरत आली तसे खाकरले. "राजूबाई, आखाडी आली. यंदा शिव कोन बांधनार?"

"पयले जुनी त खोला."

"कोन खोलंल? बांधनारा त गेला."

मामी दंडावर कापूस दाबून उभी राहिली. "बांधाले लावनारा हाय ना," म्हणाली.

आबांनी काठी बाजूच्या पोरीकडे दिली. दोन्ही हात दोरीला लावले. गाठ तुझी होती, मामा, टोपलीचा काठ बंद करतोस तशी, टोक आत दडवलेली. आबाला सुरुवातच सापडेना.  ते नखानं ओढायचे, दात लावायचे, थांबायचे, धाप टाकायचे. मुलगा पुढे आला तर त्याला त्यांनी कोपरानं मागं सारलं. गुड्यातल्या चौघांना ती गाठ डोळे मिटून सोडता येते. कोणी हललं नाही. मीही हलले नाही. सगळं गाव आणि सगळा गुडा एका म्हाताऱ्याचे हात बघत उभा.

"आरामात, आबा," मामी म्हणाली. "टाइम हाय आता."

शेवटी सुटली. दोरी खाली पडली, वाळका पाला चुरला. आबा रस्त्यातच खाली बसले आणि हुंदके द्यायला लागले, लेकरासारखे. बाकी कोणी रडलं नाही. वाट मोकळी झाली होती, पण ना इकडचं कोणी तिकडे गेलं, ना तिकडचं इकडे आलं. मी वेशीत उभी होते, हातात सुयांचा रिकामा डबा. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मोठ्यानं, सगळ्यांच्या देखत, दर वेळी दारात तुला बघून म्हणायचे तसं, सवयीनं:

"मामा, ये ना आत."